चूक सांगितल्याशिवाय उठायचं नाही

पद्माक्कांना जाऊन सव्वा महिना झाला. आष्ट्यात त्यांच्या घरी माणसं बसायला येत होती, तेव्हा मीही दोन-तीनदा जाऊन दाराजवळ बसले. येणारा प्रत्येकजण चांगलंच बोलत होता. हात किती गोड, स्वभाव किती शांत, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. ऐकताना मला कसंतरी होत होतं. अक्कांचा स्वभाव शांत अजिबात नव्हता. त्या असत्या तर पदरानं तोंड पुसून म्हणाल्या असत्या, "बरं. आणि काय?" आणि पुढचं ऐकल्याशिवाय कुणाला उठू दिलं नसतं.

म्हणून हे लिहायला घेतलं. पदार्थांची मापं लिहायची एक वही आहे, तिच्या मागच्या पानांवर. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही आटपाडीकडच्या आमच्या वस्तीवरची. कुणाला दाखवायचं नाही हे ठरवलंय, तरी कुणाची चाहूल लागली की वही मिटते.

अक्का लग्नाची रुखवतं करून द्यायच्या. मुलीकडची माणसं वरपक्षासमोर ताटं मांडतात, ती. करंज्या, लाडू, शेवया हे सगळ्यांच्याच ताटात असतं. अक्का त्याच्यापुढं जायच्या. कणकेचं तुळशीवृंदावन, खोबऱ्याच्या कातळ्यांची कमळं, चकलीच्या चाकांची गाडी, डाळींच्या नक्षीचा पाळणा. आता थर्माकोलची रुखवतं भाड्यानं मिळतात. तसलं रुखवत दिसलं की अक्का जवळ जाऊन टिचकी मारून बघायच्या. "ह्याला मुंगी तरी लागती का?" त्यांच्या ताटातलं सगळं खाता आलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. लग्न झालं की वरपक्षाच्या बायका ते मोडून वाटून खायच्या आणि अक्कांना त्यातच समाधान होतं.

उंच, काटक बाई. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम थोडं वाढवलेलं, खिरीच्या नखुल्या वळायला. घरची शेती, ऊस आणि हळद. नवरा, म्हणजे आण्णा, फार कमी बोलायचे. अक्का जैन, त्यामुळं सूर्य मावळायच्या आत जेवण. पाऊस असो, पाहुणे असोत, दिवस बुडाला की त्यांच्या तोंडात घास जात नसे.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेले ती सासूबरोबर. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि गल्लीतल्या बायकांना माझा आवाज अजून माहीत नव्हता. आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, मला पुढं ढकललं.

"हिला शेवया झ्याक येत्यात, अक्का. बोलाय तेवढं येत न्हाई."

"ऱ्हाऊ दे की इथं," अक्का म्हणाल्या. "शेवयांना काय बोलायचं असतंय?"

दिवसभर मी शेवया केल्या. संध्याकाळी निघताना अक्कांनी माझ्यापुढं एक ताट आणून ठेवलं. त्यात बैलगाडी होती. चकलीची चाकं, दोन्ही बाजूंना कणकेच्या साट्या, आत शेवयांच्या गवताचा भारा. मी इतकं देखणं काही बघितलं नव्हतं.

"बघ आणि चूक सांग."

"चांगलं हाय."

"चांगलं हाय ते मला म्हाईत हाय. मीच केलंय. चूक सांग, मग जा."

मी खाली मान घालून बसले, अक्का समोर बसल्या. आतून आण्णांचा आवाज आला, "ताट वाढलंय गं." अक्का हलल्या नाहीत. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. थोड्या वेळानं आण्णा परत म्हणाले, "दिवस चाललाय बघ." तेव्हा मला कळलं, मी बोलले नाही तर ही बाई आज उपाशी राहणार, आणि ते माझ्यामुळं. भीतीनं माझ्या तोंडून निघालं,

"गाडीला बैल न्हाईत."

अक्का क्षणभर थांबल्या. खिडकीकडं बघितलं, मग हसल्या. "बैल चरायला गेल्यात!" असं म्हणून उठल्या आणि घाईघाईनं जेवायला गेल्या.

मी घरी चालत आले ती जवळजवळ पळतच. मोठ्या माणसाला मी चूक दाखवली होती आणि कुणी मला मारलं नव्हतं.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. रोज निघताना एक चूक सांगायची, हा नियम. कधी करंजीची मुरड जाड, कधी लाडवावरचा बेदाणा वाकडा. पहिले काही महिने सकाळी उठल्यापासून माझ्या डोक्यात तेवढंच असायचं, की आज काय सांगायचं. अक्का ऐकायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "आणि काय?" दुसरी चूक माझ्याकडं नसायची. "मग उद्या नीट बघ."

लग्नाच्या दिवशी त्या आणखी एक करायच्या. ठेवणीतली साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, पाहुण्यांतल्याच एक होऊन स्वतःच्याच ताटांशेजारी उभ्या राहायच्या. बायका काय बोलतात ते ऐकायचं. नावं ठेवली की पदराच्या टोकाला एक गाठ. मी त्यांच्यामागं उभी असायचे.

साताऱ्यातल्या एका लग्नाची गोष्ट सांगते. वरपक्षाच्या दोन बायका आल्या. त्यातली एक गजरेवाली भारीच तिखट होती.

"हे तुळशीवृंदावन बघ की. कुबड आल्यागत वाकलंय."

"व्हय की," अक्का शेजारून म्हणाल्या. "आणि ती कमान?"

"कमान कसली, म्हशीचं शिंग हाय ते!"

"आणि रंग?"

"कावीळ झाल्यागत."

तिघी मिळून हसल्या. अक्कांनी पदराखाली तीन गाठी मारल्या. तेवढ्यात नवरीची आई लगबगीनं आली. "आवं अक्का, एवढं सगळं तुमी केलंय आणि तुमीच अजून जेवला न्हाई व्हय? चला की."

गजरेवालीचं तोंड उतरलं. ती सटकायला बघत होती, पण अक्कांनी तिचा हात धरला.

"बाई, म्हशीचं शिंग दिसतंय ते डावीकडनं का उजवीकडनं?"

"आवं मावशी, चेष्टा केली."

"चेष्टेत बी खरं असतंय. दाखवा की."

ती बिचारी इकडं तिकडं बघू लागली. शेवटी तिनं बोट दाखवलं, उजवीकडनं. अक्का वाकून, चष्मा सारखा करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरंच की हो. म्हैसच." आणि तिला घेऊन जेवायला बसल्या.

परतताना एसटीत त्यांनी एकेक गाठ सोडली. पहिल्या दोन्ही एकाच कारणाच्या निघाल्या. कणीक वाळताना उन्हाची एकच बाजू मिळाली होती, त्या बाजूला ती ओढली गेली होती. दुसऱ्या दिवसापासून घटकेघटकेला ताट फिरवायचं काम माझ्याकडं आलं. तिसरी गाठ त्यांनी नुसतीच सोडली. "हळदीचा रंग मला आवडतोय. त्यांची कावीळ त्यांच्यापाशी."

मी विचारलं, "तुमाला राग कसा येत न्हाई?"

"येत न्हाई कोण म्हणतंय?"

आणि तो येत होताच. घरी पोचल्यावर त्यांनी चिंच भिजवली, पितळेची मोठी परात अंगणात घेतली आणि घासायला बसल्या. ते मी आधी कितीदा बघितलं होतं, अर्थ त्या दिवशी कळला. परात घासताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, आण्णांनीसुद्धा नाही. तोंडातल्या तोंडात गजरेवालीच्या सात पिढ्या निघत होत्या. परात लखलखायला लागली की राग संपला. मग हात धुऊन त्या पुन्हा कमानीपुढं जाऊन बसल्या.

"आधी चिडून घ्यावं," त्या म्हणायच्या. "ते पोटात ठेवून ऐकलं की कायबी ऐकू येत न्हाई."

दुसरं त्यांचं एक म्हणणं होतं. "बोलणारीचं तोंड बघू नको, बोट कुठं दाखवतीया ते बघ." जळून बोलणारी बाईसुद्धा बोट कधीकधी बरोबर जागी ठेवते, असं त्यांचं मत होतं. आणि माया करणारी चुकीच्या जागी.

अक्कांच्या सुनेनं एकदा ताटांचे फोटो मोबाईलवर पाहुण्यांच्या ग्रुपमध्ये टाकले. संध्याकाळी ती कौतुकानं सांगायला आली, "अक्का, सत्तावीस अंगठे आल्यात बघा."

"अंगठे कशाला दाखवाय लागल्यात?" अक्का म्हणाल्या. "कुणी बोट दाखवलं का ते सांग."

असं करत पाच वर्षं गेली. मग अक्कांच्या भावाच्या मुलीचं, सुप्रियाचं लग्न ठरलं. स्थळ सांगलीचं, जैनच, घरात फार काटेकोर. ते स्थळ अक्कांनीच आणलं होतं. त्यामुळं त्या लग्नाची त्यांना मनापासून धास्ती होती. नवऱ्या मुलाची आत्या बोलायला फटकळ आहे हे आधीच कानावर आलं होतं. "हितं काय उणं निघालं तर मला बोलून थांबायच्या न्हाईत," अक्का म्हणाल्या. "पोरीला जल्मभर ऐकाय लागंल."

एवढं असून त्यांनी मला सांगितलं, "ह्या खेपेला एक ताट तुझ्या मनाचं कर."

मी नको नको म्हणाले. तीन दिवस गेलेच नाही. चौथ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, की ताट रिकामं गेलं तर रिकामंच मांडीन. मग मी केलं. घरीच केलं. अक्का म्हणाल्या होत्या, "झाकून आण. मी आधी बघणार न्हाई. बघितलं की माझा हात लागंल, मग ते तुझं ऱ्हाणार न्हाई."

मी माझ्या माहेरचं केलं. मेंढरांचा कळप. दूध-साखरेत मळलेल्या कणकेची, मंद आचेवर झाकण घालून भाजलेली सतरा मेंढरं. लोकरीच्या जागी गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले, एकेक करून चिकटवलेले. डोळ्यांना काळे तीळ. सगळी पुढं चाललेली आणि एक कोकरू मागं राहिलेलं. आठ दिवस लागले. करताना मला एकदाही भीती वाटली नाही, हे मला नंतर आठवलं.

सांगलीच्या कार्यालयात ताटं मांडली. मी हात धुवायच्या नळापाशी, पडद्याच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. अक्कांनी शेवटी माझ्या ताटावरचं झाकण काढलं. त्यांचा चेहरा आधी एकदम उजळला. इतका, की मला रडू यायला लागलं. आणि मग तो तसाच पांढरा पडला. झाकण त्यांनी पुन्हा घालायला उचललं, पण तोवर वरपक्षाच्या बायका टेबलापाशी आल्या होत्या.

"हे काय हो?" आत्या म्हणाली. "मेंढरं?"

ती ताटावर वाकली.

"कणकेची? खायाची? म्हंजे उद्या आमी ही मान मोडून तोंडात घालायची?" तिचा आवाज चढला. "पिठाचं असलं म्हणून काय झालं? मनात मेंढरू धरून मोडलं की मारल्याचंच पाप. एवढं बी शिकवलं न्हाई व्हय पोरीला घरात?"

मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं तेव्हा पायाखालची फरशी थंडगार झाली. शेजारच्या खोलीत सुप्रिया मुंडावळ्या बांधून बसली होती. दार उघडं होतं. तिला सगळं ऐकू जात होतं.

मी अक्कांच्या हातांकडं बघत होते. ते एकमेकांवर घासत होते, जोरजोरात, परात नसताना. मग थांबले.

"हिरे, हिकडं ये."

मी गेले. कशी गेले ते आठवत नाही.

"हे ताट हिनं केलंय," अक्का म्हणाल्या. "ही आमच्यातली न्हवं, हिला ह्यातलं म्हाईत न्हाई. पण पाच वर्सांमागं हिनं मला विचारलं हुतं, गाडीला बैल का न्हाईत म्हणून. मला जेवायची घाई हुती. मी चेष्टा केली. तवा नीट सांगितलं असतं तर ही मेंढरं आज हितं आली नसती. चूक हिची न्हाई. सुप्रियाची तर न्हाईच न्हाई. माझी."

मी चाट पडले. पाच वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि त्यांनी कणकेत कधी जनावर केलं नाही, चिमणीसुद्धा नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटत होतं, त्यांची ती पद्धत.

"चूक कुणाची का असंना," आत्या म्हणाली, "आता ह्याचं करायचं काय?"

तिथं खरी अडचण होती. खाता येत नाही, मोडता येत नाही. एकजण म्हणाली, गाईला घाला. दुसरी म्हणाली, म्हणजे पाप गाईकडून करून घ्यायचं? तिसरी म्हणाली, कृष्णेत सोडा. "बुडवायची म्हंजे तेच की!" एवढ्या मोठ्या बायका टेबलाभोवती उभ्या, आणि मधे माझी सतरा मेंढरं. कुणी हात लावायला तयार नाही.

मुलाची आज्जी कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. तिनं मला खुणेनं बोलावलं आणि ताट जवळ आणायला लावलं. बराच वेळ ती बघत होती.

"हे एकटं मागं का गं?"

"दमलंय ते," मी म्हणाले.

"लोकर कशाची?"

"गव्हल्यांची."

तिनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. आणखी काहीतरी ती बोलली, पण माझ्या कानांत नुसता घों घों आवाज होता. मग तिनं विचारलं, "आता काय करशील ह्यांचं?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "राखीन," मी म्हणाले.

आज्जी हसली. तिच्या तोंडात एक दात नव्हता. "राख मग. पण पुन्यांदा कणकेत जीव करू नको. आमच्या ताटात तरी न्हाई."

मी मान हलवली. आता संपलं असं मला वाटलं, तर अक्का पुढं येऊन म्हणाल्या, "आणि काय दिसलं, आज्जी?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आज्जीनं खरंच टेबलाकडं नजर फिरवली. "लाडू लय कडक दिसत्यात. दात नसलेल्या माणसानं काय करायचं?" बायका हसल्या. हसणं कसं का असेना, पण तेवढ्यानं माणसं मांडवाकडं वळली. आत्या तेवढी हसली नाही.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. सुप्रियाला सासरी वर्षभर तरी 'मेंढरंवाली' म्हणत होते. अक्कांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी परात घेतली नाही. साडी बदलली आणि एसटीनं सांगलीला गेल्या. आत्यापुढं बसून म्हणाल्या, "जे बोलायचं ते मला बोला. मी महिन्यातनं एकदा येत जाईन, साठवून ठेवा." आणि खरंच तीन-चारदा जाऊन आल्या. बोलणं कमी झालं. थांबलं असं नाही.

मी मात्र लग्नाहून आले ती घरात बसले. अक्कांकडं दोन महिने गेले नाही. मेंढरं डब्यात घालून वर ठेवून दिली. कणीक मळायला घेतली की सांगलीच्या त्या आत्याचा आवाज कानात यायचा, आणि पोळ्यासुद्धा वाकड्या व्हायच्या. आत्याबाईंना मी सांगून टाकलं, मला ते काम जमणार नाही. रोजानं शेतात भांगलायला जाईन, पण कुणी बघेल असं काही करणार नाही.

एका दुपारी अक्का स्वतः आल्या. कुणाच्या घरी त्या सहसा जात नसत. पाणी प्याल्या, आणि मी समोर उभी असताना म्हणाल्या,

"आज्जी काय बोलली ते सांग बघू."

"कणकेत जीव करू नको म्हणल्या."

"त्याच्या आधी?"

मला आठवेना.

"म्हणली, हात लावाय भ्या वाटतंय, हे हलंल म्हणून," अक्का म्हणाल्या. "नव्वदीची म्हातारी. तिनं एवढी रुखवतं बघितली असतील. तिला तुझं मेंढरू जितं वाटलं. ते तू ऐकलंच न्हाईस व्हय?"

मी वर ठेवलेल्या डब्याकडं बघितलं.

"मी तुला पाच वर्सं चुका बघाय शिकवलं. चांगलं ऐकाय शिकवायचं ऱ्हायलं. ते बी माझंच." त्या उठल्या. "उद्या ये. करंज्या हाईत."

मी दुसऱ्या दिवशी गेले. भीती गेली नव्हती. ती अजूनही आहे. पण मी पडद्यामागं जात नाही. टेबलाशेजारी उभी राहते आणि विचारते.

गेल्या वर्षी अक्कांना झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर जीभ थोडी सुधारली, हात सुधारला नाही. सगळी ऑर्डरची कामं माझ्याकडं आली. मी आठवड्यातून दोनदा जायचे. त्या खाटेवर बसून मी आणलेलं बघायच्या, चुका सांगायच्या. शब्द तुटक यायचे, पण बोट बरोबर जागी यायचं. डावं.

मग एक दिवस सून मला बोलवायला आली. "अक्कांनी करंज्या केल्यात. एका हातानं. सगळ्यांना दाखवल्या. आता तुमाला बोलवत्यात."

वाटेत मी ठरवत होते, काय म्हणायचं. दारातून आत गेले तर खाटेवर त्या बसलेल्या, मांडीवर ताट, ताटात पाच करंज्या. अजून तळलेल्या नव्हत्या. सुनेनं मागून म्हटलं, "मस्त झाल्यात की न्हाई?" आण्णा दाराशी उभे होते, तेही म्हणाले, "झ्याक झाल्यात." अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या.

मी एक करंजी हातात घेतली. एका हातानं, त्यातही डाव्या, ही बाई सकाळपासून बसली असणार.

"छान झाल्यात, अक्का," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी ताट उचलून आत नेऊन ठेवावं आणि घरी जावं असं मला वाटलं. आजारी माणूस, दोन दिवसांत विसरेल. मी वळलेसुद्धा. तेवढ्यात त्या भिंतीकडं बघतच म्हणाल्या, तुटक तुटक,

"मला... माणसात... मोजीनास... व्हय गं?"

मी खाटेच्या कडेला बसले. करंजी उजेडाकडं धरली. सून मागून माझ्या खांद्याला हात लावून खुणावत होती, नको म्हणून. मला तिचंही खरं वाटत होतं.

"मुरड सुटलीया," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना, म्हणून परत म्हणाले. "मुरड सुटलीया, अक्का. तेलात गेली की फुटंल. आणि सारण कडंपातूर आलंय. म्हणून चिकटंना झालंय."

त्यांनी तोंड वळवलं.

"किती?"

मी एकेक उचलून बघितली. "चार."

त्यांचं अर्धं तोंड हसलं. अर्धं तसंच राहिलं.

"मंजी एक... जमलीया म्हण की."

"जमलीया. ही मधली. हिला काय करायचं न्हाई."

त्यांनी डाव्या हातानं मला बाजूला सरकायची खूण केली. वाटीतल्या पाण्यात बोट बुडवलं. मी थांबू का विचारलं तर मान हलवली, जा म्हणून. मी दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबून बघत राहिले. चारही करंज्या त्यांनी एकेक करून उलगडल्या. पहिलीतलं सारण बोटानं मधे ढकलत होत्या, कपाळाला आठ्या घालून, स्वतःच्याच हाताला काहीतरी पुटपुटत. आम्ही तिघं दारात उभे आहोत हे त्या विसरून गेल्या होत्या.